छत्तीस खोटं होतं, कुंदाताई

ताई, त्या पेटीचं बटण मीच बंद केलं होतं.

तुझे दीर ओरडले ना, "अरे, मशीन कोणी बंद केली? या उन्हात?" तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागले. मी भिंतीपाशीच उभी होते, हात अजून बटणावर. बाहेर तुमच्या सडक अर्जुनी गावचं एप्रिलचं ऊन, अंगणात मांडव टाकलेला. तुझा मुलगा अमोल हैदराबादहून निघालेला, चारपर्यंत पोहोचणार होता, म्हणून तुला त्या काचेच्या बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. मी काचेवर हात ठेवला. आत तुझी बोटं निळसर दिसून राहिली होती. माझा हात सरळ भिंतीकडे गेला, डोक्याला विचारलंसुद्धा नाही. बारा वर्षांची सवय आहे ती, तूच लावलेली. पेशंट गार दिसला की गार करणारी वस्तू आधी बंद करायची, मग बाकीचं.

तुझ्या जाऊबाईंनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. "सुजाता, काऊन अशी करून राहिली व? मेलेल्या माणसाले थंडी वाजत नाई."

मी म्हटलं, "माहीत आहे." मशीन पुन्हा घरघरायला लागलं. मी मागच्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तिथंच बसून राहिले.

बारा वर्षं तुला "तुम्ही" म्हटलं. आता तू म्हणते. राग आला तर येऊ दे. खरं सांगू का, तू रागावलीस तर मला बरंच वाटेल.

सोमवारी दवाखान्यात तुझी शोकसभा झाली. तुझा तो ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता, ज्यात तू कोणावर तरी डाफरायच्या बेतात आहेस असं वाटतं. मला दोन शब्द बोलायला उभं केलं. "कुंदाताई आम्हाला आईसारख्या होत्या, त्यांनी आम्हाला घडवलं," असं काहीतरी पुटपुटून मी खाली बसले. दोघीतिघींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! तू असतीस तर म्हणाली असतीस, कायले वाजवता व, मी काय नाटकात मेली का? पण मला जे बोलायचं होतं ते तिथं बोलता येण्यासारखं नव्हतंच. ते तुलाच सांगायचं आहे. म्हणून हे लिहून राहिले.

पहिला दिवस आठवतो का तुला? मी आपल्या जिल्ह्यातल्याच गोरेगावहून सातच्या एसटीनं आले होते. नवी चप्पल, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, आणि नर्सिंगच्या परीक्षेत दुसरी आल्याचा तोरा. तू मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि म्हणालीस, "हे कपडे काढ. पेशंटचा गाऊन घाल, अन् टेबलावर झोप." मला वाटलं थट्टा करून राहिली. थट्टा नव्हती. डिसेंबरचा महिना, एसी चालू, पाठीखाली रेक्झिनची थंडगार गादी, वर तो थिएटरचा मोठा दिवा. मला झोपवून तू चक्क निघून गेलीस. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पडले. सात मिनिटांत पोटऱ्या ताठ झाल्या. दहाव्या मिनिटाला दात वाजायला लागले. असा संताप आला होता की उठावं आणि परतीची गाडी धरावी. पंधरा मिनिटांनी तू आलीस आणि माझ्या पायांच्या तळव्यांना हात लावलास.

"तुले पंधरा मिनिटं झाले. वीस-बावीसची पोरगी आहेस, अंगात रक्त आहे, पोट बंद आहे. आता साठ वर्षांची बाई धर. हाडं निघालेली. पोट फाडून ठेवलेलं. भूल दिलेली, म्हणजे थंडी वाजली तरी बोंबलता येत नाई. अन् पाच तास. कर विचार."

घरी जाऊन मी आईला म्हटलं, ती बाई येडी आहे. आई म्हणाली, येडी असो का शहाणी, नोकरी सोडू नको. नंतर कळलं की थिएटरात येणाऱ्या प्रत्येक नव्या सिस्टरला तू त्या टेबलावर निजवायचीस. पुढे मीही चार जणींना निजवलं. त्याही घरी जाऊन तेच म्हणाल्या असतील.

तुझं काम कोणाला दिसायचं नाही, हीच त्याची गंमत होती. ऑपरेशन करणाऱ्या सरांनी काढलेली गाठ ट्रेमध्ये दिसते. भूल देणाऱ्या डॉक्टरांची मशीनं टिंव टिंव करतात. तू काय केलं ते पेशंटलासुद्धा कळायचं नाही, कारण तो गार पडायचाच नाही. कॅन्सरचं ऑपरेशन म्हणजे चार तास, पाच तास, कधी सहा. उघड्या पोटातून माणसाची ऊब नुसती निघून जाते. गार पडलेल्या माणसाचं रक्त लवकर थांबत नाही, जखमेत पू लवकर धरतो, हे तू मला इतक्या वेळा सांगितलं की मी वैतागून म्हणायचे, "पाठ झालं ताई, आता झोपेतही म्हणते." तू प्रत्येक बाईला अर्धा तास आधीच बाहेरच्या खोलीत घ्यायचीस. डोक्याला टोपी, पायांना कापसाचा रोल मांडीपर्यंत, वरून दोन ब्लँकेटं, आणि मग ते गरम हवेचं मशीन, त्याचा पाइप कागदी रजईत खोचलेला. सलाइनच्या बाटल्या गरम कपाटातून काढून आधी स्वतःच्या गालाला लावायचीस. मी म्हणायचे, आत गेल्यावर गरम करू ना, आताच कशाला एवढी घाई? त्यावर तुझं उत्तर ठरलेलं. तुझे पणजोबा-खापरपणजोबा तलाव बांधणारे, पाणी अडवायला मातीची पाळ घालणारे. "पाणी आलं मंग पाळ बांधतेस का व? पाळ आधी बांधावी लागते. एकदा ऊब निघून गेली का मंग तू किती का ब्लँकेटं टाक, दोन घंटे लागतात चढायले."

ती चिचगडकडची म्हातारी आठवते का? मोहफुलं वेचणारी, निम्मं गोंडी निम्मं मराठी बोलणारी. अंडाशयाचा कॅन्सर, पोट ढोलासारखं आणि बाकी अंग काठीसारखं. लुगडं सोडायला तयार नव्हती. तू तिला लुगड्यासकट गुंडाळलंस, आणि ते तिच्या अंगावरून कधी निघालं हे तिलाही कळलं नाही. साडेपाच तास चाललं तिचं. पूर्ण वेळ तू तिच्या पायांशी. दर थोड्या वेळानं चादरीखाली हात घालून तळवे चाचपायचीस. मशीन तापमान दाखवतं तरी तुला तळवेच पाहायचे असायचे. बाहेर आणल्यावर तिनं डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "चूल कोनं पेटवली व?" तिला वाटलं ती घरी चुलीपाशी निजली आहे. तू हसत हसत बाहेर गेलीस आणि जिन्यावर बसून रडलीस. मी पाहिलं होतं. मी तुला कधी बोलले नाही की मी पाहिलं.

एसीचा रिमोट तुझ्या खिशात असायचा. पोट उघडं असेपर्यंत तेवीसच्या खाली नाही, हा तुझा कायदा. मोठे सर नागपूरहून आठवड्यातून दोनदा यायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी. येतानाच घाईत. गाऊनवर गाऊन, डोक्यावर दिवा, त्यांना घाम फुटायचा. "कुंदाताई, अठरा करा." तू करायची नाहीस. "सर, घाम मी पुसते. बाई गार पडली तर तिले कोण पुसते?" सर धुसफुसायचे. एकदा तर त्यांनी हातातलं औजार ट्रेमध्ये आपटलं. तू शांतपणे ते औजार बाजूला ठेवलंस आणि दुसरं दिलंस. रिमोट खिशातच.

आपलं भांडण यावरूनच होतं, आणि ते अर्धंच राहिलं. मी तुला म्हटलं होतं, "ताई, तुम्ही रोज त्यांच्याशी वाद घालता. उद्या सर वैतागून यायचेच बंद झाले तर? जिल्ह्यात दुसरं कोण आहे हे करणारं? चिचगडची बाई नागपूरला कशी जाईल? चार-पाच डिग्रीपायी सगळंच बंद पडेल." तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी दुसऱ्याच भाषेत बोलले. "तुले सरची भीती वाटते, पेशंटची वाटत नाई. उलटं पाह्यजे." मीही चिडले. म्हटलं, हे बोलायला सोपं आहे, तुमची रिटायरमेंट जवळ आली, आम्हाला इथं राहायचं आहे. तू डबा बंद केलास आणि उठलीस. दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन आलीस, विषय संपला. पण भांडण संपलं नव्हतं. माझं उत्तर बाकी होतं. माझ्या मनात तेव्हाही होतं की मीच बरोबर आहे.

मग तुझं पोट फुगायला लागलं. दिवसभर दुसऱ्यांच्या पोटातल्या गाठी पाहणारी तू, आणि स्वतःला म्हणत होतीस गॅस आहे. ओवा खाल्ला, हिंग लावला, चार महिने घालवलेस. रिपोर्ट आला तेव्हा अमोल म्हणाला हैदराबादला नेतो, तुझे भाऊ म्हणाले नागपूरला. तू म्हणालीस, "माह्या टेबलावरच झोपते मी. सर आहेत. अन् सुजाता पायाशी पाह्यजे." सगळ्यांसमोर म्हणालीस. मला वाटलं, बारा वर्षांत तू मला दिलेलं हे सगळ्यात मोठं प्रमाणपत्र.

त्या दिवशी बाहेरच्या खोलीत अर्धा तास मी तुला गुंडाळून राहिले होते आणि तू चुका काढून राहिली होतीस. "डावी बाजू उघडी आहे. टोपी कानावर ओढ. कापूस ढिला आहे व, हे काय बाळंतीण गुंडाळून राहिली का?" मी म्हटलं, "ताई, तुम्ही पेशंट आहात, गप पडा." तू हसलीस. मग खिशातून, म्हणजे उशीखालून, रिमोट काढला आणि माझ्या हातात दिलास. "मले गार पडू देऊ नको, सुजे. बाकी काय व्हायचं ते होईल." आत नेताना तुझे तळवे गरम होते. मी हातानं पाहिलं होतं.

आता पुढचं ऐक.

पोट उघडलं आणि सरांचा चेहरा उतरला. वाटलं होतं त्याच्यापेक्षा जास्त पसरलं होतं. दसऱ्याच्या आसपासचा तो चिकट उकाडा, बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. तीन तासांनी सरांच्या भुवयांवरून घाम ओघळून मास्कवर यायला लागला. मी दोनदा पुसला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "सिस्टर, अठरा करा." आवाज चढलेला नव्हता. थकलेला होता.

मी अठरा केलं.

भीती होती, ती तर होतीच, कबूल करते. पण ताई, नुसती भीती असती तर मी स्वतःला माफ केलं असतं. त्या दिवशी त्यांचे हात तुझ्या पोटात होते. मला वाटत होतं, या माणसाला जे पाहिजे ते द्यावं. अठरा म्हणाले तर अठरा. गाणं म्हण म्हणाले असते तर मी तिथं गाणंही म्हटलं असतं. त्यांना त्रास नको, त्यांचा हात थरथरायला नको, त्यांनी फक्त तुला वाचवावं. आमच्या घरात देव मानत नाहीत, तुला माहीत आहे. त्या दिवशी मी सरांना देव केलं आणि तुलाच त्यांच्यापुढं ठेवलं. तुझ्यासाठी केलं, ताई. तुझ्यासाठी म्हणून तुझाच कायदा मोडला.

थोड्या वेळानं सर म्हणाले, "ती गरम हवा माझ्या तोंडावर येते आहे, पाच मिनिटं बंद करा." मी मशीन बंद केलं. आणि त्याच वेळी आतली एक रक्तवाहिनी सुटली. सगळी पळापळ. मी रक्ताच्या पिशव्या आणायला खाली धावले, वर आले, परत धावले. पोटातलं रक्त ओढून घेणाऱ्या सक्शनची बाटली भरली, ती बदलली. माझे डोळे त्या बाटलीवरच. पाच मिनिटांसाठी बंद केलेलं मशीन जवळजवळ दोन तास बंद होतं. तुझ्या पायांशी मी नव्हते. तळव्यांना हात लावायचं मला सुचलं नाही. शेवटी भूल देणारे डॉक्टर ओरडले, "सिस्टर, टेंपरेचर देखो! चौंतीस पॉइंट चार! क्या कर रहे हो आप लोग?"

तेव्हा मी चादरीखाली हात घातला. तुझे तळवे दगडासारखे होते.

बाहेर आणल्यावर तू इतकी थरथरत होतीस की पलंग वाजत होता. तीन ब्लँकेटं, मशीन, सगळं लावलं. पाळ फुटल्यावर माती टाकत होते. तुझे दात वाजत होते, तोंडातून शब्द निघत नव्हता, आणि डोळे उघडे, सरळ माझ्याकडे. "तुले पंधरा मिनिटं झाले" म्हणणारी तू. तुला नीट माहीत होतं हे काय आहे. मी म्हणत होते, "झालं ताई, होऊन राहिलं, गरम होऊन राहिलं." तुझा तळवा मी माझ्या पोटाशी धरला होता.

मग रिकव्हरीचा कागद भरायचा होता. तापमानाच्या रकान्यात मी लिहिलं, छत्तीस. छत्तीस म्हणजे पेशंट गार पडलेला नाही.

तूच शिकवलं होतंस की आकडा खोटा लिहायचा नाही. पाच मिनिटं उशीर झाला तर उशीर लिही, चुकलं तर चुकलं लिही, कागद पेशंटचा असतो, आपला नाही. मी कोणत्या डॉक्टरला घाबरून ते लिहिलं नाही. तू दुसऱ्या दिवशी फाइल मागशील हे मला ठाऊक होतं. तू वाचू नये म्हणून मी खोटं लिहिलं. आणि मूर्ख मी, हा विचारच केला नाही की भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या पानावर खरा आकडा आहे. दहा मिनिटांत दीड डिग्री कोणाचं अंग चढत नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला जास्त कळतं?

तू तिसऱ्या दिवशी फाइल मागितलीस. चष्मा लावला. पहिलं पान, दुसरं, माझं पान. त्यावर बराच वेळ थांबलीस. मी सलाइनचा वेग नीट करायचं सोंग करत उभी होते. मग तू माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "अक्षर सुधारलं व तुझं." तेवढ्यात वॉर्डातून मला हाक आली. माझं पान उलटून तू पुढचं, भूल देणाऱ्या डॉक्टरांचं पान वाचलंस की नाही, ते मी पाहिलं नाही. सहा महिने मी फक्त एवढंच आठवून राहिले आहे. तुझा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर होता का? उचलला होतास का? कधी वाटतं उचलला होता. कधी वाटतं, नाही, तू फाइल मिटून उशाशी ठेवली होतीस. मी येडी होईन ताई, यानं.

बाराव्या दिवशी टाक्यांतून पू आला. जखम उघडावी लागली. किमो पुढं ढकलली, पुन्हा ढकलली. होईस्तोवर डोळ्यांत कावीळ दिसायला लागली होती, दुखणं यकृतात गेलं होतं. मी सरांना विचारलं, पू झाला नसता तर? ते म्हणाले, "आजारच तसा होता. नका डोक्यात घेऊ." चांगले आहेत ते, खोटं बोलत नसतील. पण त्यांना तरी काय माहीत? कोणालाच माहीत नाही आणि आता कधी कळणारही नाही. दगडासारखे तळवे मी पाहिले, मी. मला कोणी सांगू नका आजारच तसा होता.

रोज तुझं ड्रेसिंग मीच केलं. दुसरीला हात लावू दिला नाही. जखम धुताना तू डोळे मिटून पडायचीस आणि प्रत्येक दिवशी मी ठरवायचे, आज सांगते. गॉज संपायचा, पट्टी चिकटायची, मी ट्रे घेऊन निघून यायचे. एकदा तू म्हणालीस, "तुह्या हाताले दुखत नाई व." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले.

शेवटची भेट. तुझ्या घरी, मागच्या खोलीत. दुपारची वेळ, हायवेवरून ट्रकचे हॉर्न ऐकू येऊन राहिले होते. तू अशी वाळली होतीस की बांगड्या कोपरापर्यंत जायच्या. तू मला जवळ बोलावलंस. जाऊबाई बाहेर धान वाळवत होत्या, खोलीत आपण दोघीच. तू विचारलंस, "सुजे, तुले मले काही सांगाचं आहे का?"

दुसरा अर्थ नव्हता त्याचा. इतकं सरळ विचारलंस.

आणि मी म्हटलं, "नाही ताई. चहा ठेवू का?"

मग म्हणालीस, "ठेव." मी चहा केला, तू दोन चमचे घेतलास, म्हणालीस साखर जास्त झाली. मी साडेचारच्या गाडीनं परत आले. नऊ दिवसांनी तू गेलीस.

आता बोल ना. शिवी दे. म्हण, भित्री कुठची, म्हण, तुले सरची भीती होती, माही नव्हती. तू दार उघडून दिलं होतंस आणि मी दारातून चहा विचारून परत आले. तुला माहीत होतं म्हणून विचारलंस, की काहीच माहीत नव्हतं आणि मरणाऱ्या माणसानं सहज विचारावं तसं विचारलंस? माहीत होतं तर माफ केलंस, की फक्त थकली होतीस? एवढं एक सांगून जायचं होतंस. मला टेबलावर निजवून तू बाहेर निघून गेली होतीस ना, तशीच गेलीस बघ. फक्त पंधरा मिनिटांनी तू येणार नाहीस.

आता सांगते, ताई. ऐक. एसी मी अठरा केला. मशीन मी बंद केलं. छत्तीस खोटं होतं. चौंतीस पॉइंट चार होतं.

आणखी एक राहिलं. ते काल घडलं.

काल मंगळवार. तू गेल्यापासूनचं पहिलं मोठं ऑपरेशन. गोरेगावकडची बाई, माझ्या आईच्या वयाची, आतड्याचा कॅन्सर. अर्धा तास आधी घेतलं, पाय गुंडाळले, टोपी कानावर ओढली. आत दोन तास झाले आणि बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत सरांना घाम. मला आधीच कळलं होतं आता काय येणार. सर म्हणाले, "सिस्टर, अठरा करा."

मी म्हटलं, "नाही सर. पोट उघडं आहे. नाही करणार."

आवाज फाटलाच माझा. भूल देणारे डॉक्टर मान वर करून पाहायला लागले. मी ताठ उभी. आता भडकतील, आता औजार आपटतील, आता म्हणतील पुढच्या शुक्रवारपासून मी येत नाही. जे जे मी तुला त्या दिवशी डबा खाताना सांगितलं होतं, ते सगळं आता होणार, अशी वाट पाहत उभी होते.

सरांनी वरही पाहिलं नाही. म्हणाले, "बरं, राहू द्या," आणि पुढचा टाका मागितला.

एवढंच होतं, ताई. एवढं सोपं होतं. तुझ्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं.